मोतीलालभाऊ आणि नकाशावरची रेघ

मोतीलालभाऊ गुल्हाने नालवाडीत आमच्या समोरच्या घरात राहतात. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. कुदळ, फावडं, विळा, कुलूप, विहिरीची कप्पी, म्हणाल ते मिळतं. माणूस शांत आणि थोडा संकोची. समोरच्याने काही सांगितलं की "हो, हो" म्हणून मान हलवायची त्यांची सवय. आपल्याला कळलं नाही, असं म्हणणं त्यांना फार जड जायचं. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होते, म्हणून ते मला सिस्टर म्हणतात. त्यांची बायको मंदाबाई मात्र नावाने, प्रमिलाबाई म्हणून हाक मारते. आमची घरं एकदमच बांधली गेली, त्यामुळे येणंजाणं पहिल्यापासून.

गाडी त्यांनी उशिरा घेतली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. वॅगन-आर होती, एका प्राध्यापकाकडून घेतलेली. वर्ध्यात ते चांगली चालवायचे. हॉर्न कमी, वेग बेताचा, वळताना हात बाहेर. पंचाईत व्हायची ती नागपुरात. शहर सुरू झालं की त्यांचा धीर सुटे. २००८ च्या मे महिन्यात मंदाबाईच्या भावाच्या मुलीचं लग्न नागपूरला होतं. सकाळी आठला निघालेली ही दोघं रिंग रोडवर दोन तास फिरत राहिली. एकाच पेट्रोल पंपासमोरून तीनदा गेली म्हणे. मंगल कार्यालयात पोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि वाढपी खुर्च्या एकावर एक रचत होते. परत येताना मंदाबाई सेलूपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्याच वर्षी त्यांच्या मुलीने, रक्षाने, नागपूरला बेसा भागात घर घेतलं. वास्तुपूजा दिवाळीनंतर ठरली. मंदाबाईने जाहीर करून टाकलं की गाडीत रस्ता दाखवणारी स्क्रीन बसवल्याशिवाय ती या गाडीतून नागपूरला जाणार नाही. एसटीने जाईल. तिच्या भाच्याच्या गाडीत तिने तशी स्क्रीन पाहिली होती. त्यात रंगीत नकाशा असतो, आपण कुठे आहोत ते दिसतं, कुठे वळायचं ते एक बाई सांगते. मोतीलालभाऊ म्हणाले, हो हो, बसवू.

आर्वी नाक्याजवळ अंकुश नावाच्या मुलाचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. सीट कव्हर, टेप, स्पीकर, काचेला लावायच्या काळ्या फिल्म, असं सगळं. मंदाबाईने मला सोबत घेतलं, कारण स्क्रीनवर सगळं इंग्रजीत असणार आणि मी इंग्रजी वाचते, एवढंच. अंकुशकडे त्या वेळी तीन प्रकार होते. एक टेपच्या जागी बसणारी मोठी स्क्रीन, बोटाने चालणारी. एक टेपच्या फटीतून जिभेसारखी सरकत बाहेर येणारी. आणि एक वेगळीच लहान, काचेला रबरी वाटीने चिकटवायची. तिन्ही रंगीत. अंकुशने पहिली सुरू करून दाखवली. हिरवट नकाशा आला, त्यावर तांबडी रेघ उमटली.

"हे पाहा काका, ही रेघ," अंकुश म्हणाला. "हिच्यावरून गाडी चालवाची, बस. बाकी काही पाहाचं नाई."

मोतीलालभाऊंनी चष्मा वर केला, खाली केला, आणि मान हलवली. हो, हो.

मला आठवतं, त्यांनी मग रेघेबद्दल सोडून बाकी सगळं विचारलं. बॅटरी किती खाते, पावसात चालते का, गॅरंटी कोणाची. अंकुशला वाटलं, गिऱ्हाईक पक्कं आहे. त्याने सांगितलं की चार दिवस वापरून पाहा, आवडली तर ठेवा, नाहीतर दुसरी बसवून देतो. ओळखीतला मुलगा होता, त्यामुळे त्याने तेवढी सूट दिली.

दुसऱ्या दिवशी तिघे निघालो. नालवाडीहून सेवाग्राम आणि तिथून सावंगीचं मेडिकल कॉलेज, असं ठरवून स्क्रीनमध्ये घातलं. रस्ते पायाखालचे होते, पण मंदाबाईचं म्हणणं होतं की ओळखीच्या रस्त्यावर सवय करून घ्यावी आणि आपण कोणीच काही सांगायचं नाही, स्क्रीन सांगेल तसंच जायचं. पहिल्याच चौकात रेघ डावीकडे वळली आणि मोतीलालभाऊ सरळ गेले. आतली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली, पण चौक मागे पडल्यावर.

मंदाबाई म्हणाली, "रेघ वळली ना हो."

"कुठं वळली?"

"हे काय, समोर."

त्यांनी गाडी बाजूला घेतली, रुमालाने चष्मा पुसला, स्क्रीनही पुसली. मग म्हणाले की दिसते, पण पुसट आहे, ऊन पडतं. मीही पाहिलं. मला रेघ ठसठशीत दिसत होती, शेंदराने ओढल्यासारखी. पण मी काही बोलले नाही. नवराबायकोच्या मध्ये कशाला पडायचं, असं वाटलं.

ती स्क्रीन परत गेली. दुसरी, सरकत बाहेर येणारी, बसवली. तिची गंमत अशी होती की संध्याकाळी दिवे लावले की नकाशा आपोआप काळा व्हायचा, डोळ्यांना त्रास नको म्हणून. काळ्यावर लाल रेघ. मोतीलालभाऊ दिवेलागणीला दुकानातून घरी येताना वाटेत अंकुशकडे गेले आणि म्हणाले, स्क्रीन बंद पडली. अंकुशने येऊन पाहिलं तर सुरू होती. त्याने दुसरा नग बसवला. पुढच्या संध्याकाळी मोतीलालभाऊ पुन्हा हजर. हाही बंद पडला म्हणाले, रस्त्यांची नावं तेवढी दिसतात.

अंकुश मनात वैतागला असणार, पण काका म्हणून गप्प राहिला. मंदाबाईला तो म्हणाला की काकांना बहुतेक घ्यायचीच नाही. मंदाबाईलाही तेच वाटू लागलं. तीस वर्षांच्या संसारात तिने हे पाहिलं होतं म्हणे. एखादी गोष्ट टाळायची असली की हे नाही म्हणत नाहीत, हो हो म्हणतात आणि ती होऊ देत नाहीत. तिने माझ्यासमोर त्यांना तसं ऐकवलंही. ते उठून अंगणात गेले आणि झाडांना पाणी घालत बसले.

पुढे कधीतरी ते मला या दिवसांबद्दल बोलले. त्यांना खरंच वाटत होतं की आपली मस्करी चालली आहे. तिघेही एकाच काचेकडे बोट दाखवून 'ही रेघ' म्हणतात आणि तिथे तर काही नाही. मग वाटायचं, मस्करी तरी कोण करणार? मंदा? अंकुश? मग वाटायचं, पाहण्याची काही वेगळी रीत असेल, ती आपल्याला कोणी सांगितली नाही. विचारावं तर आता उशीर झाला, कारण आधीच हो म्हणून बसलो. एकदा दुपारी ते दुकान नोकरावर सोपवून एकटेच गाडीत जाऊन बसले आणि वेगवेगळ्या बाजूंनी मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहत राहिले.

तिसरी, काचेला चिकटवायची, त्या रविवारी लावली. तिचा नकाशा फिकट पिवळा, रेघ जांभळी. अंकुशने सांगितलं की ही तरी दिसलीच पाहिजे, आणि मोतीलालभाऊ मनापासून म्हणाले की हो, ही दिसते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला होता. आम्ही सेलूला एका ओळखीच्यांकडे जाऊन परत येत होतो. येताना पवनारच्या अलीकडे त्यांनी गाडी मोठ्या रस्त्यावरून खाली घेतली. आधी डांबर संपलं, मग खडी संपली. मी मागे बसले होते. मला वाटलं, कोणाला भेटायचं असेल. मंदाबाईने बोलायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती ओठ आवळून बसली. गाडी थांबली ती थेट धाम नदीच्या काठावर. पाण्यात धुणं धुणाऱ्या दोन बाया हात थांबवून आमच्याकडे पाहू लागल्या.

"आता इकडे काऊन आणलं?" मंदाबाईने विचारलं.

"रेघ तं इकडेच येऊन राह्यली," मोतीलालभाऊ म्हणाले. आवाजात जरा चीड होती, कारण या वेळी त्यांना खात्री होती.

मी पुढे वाकून पाहिलं. जांभळी रेघ मोठ्या रस्त्याने सरळ वर्ध्याकडे गेली होती. आणि आमची गाडी, म्हणजे तो लहानसा बाण, एका निळ्या रेघेला टेकला होता. ती निळी रेघ म्हणजे नदी.

मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला इथं किती रेघा दिसतात?"

"दोन."

"रंग?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "रंग एकच हाय ना. एक जाडी, एक बारकी. मी जाडी धरली."

आता सांगायला लाज वाटते. इतकी वर्षं दवाखान्यात काढून मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आला तो मोतीबिंदू. छप्पन वय, लोखंडाची धूळ, उन्हातलं येणंजाणं. मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या ओपीडीत चला. मंदाबाईचा राग तिथेच उतरला. आपण आजारी माणसाला बोललो, असं तिला वाटलं असावं. येताना ती त्यांना हळू आवाजात रस्ता सांगत होती, अगदी नालवाडीच्या फाट्यापर्यंत, जिथून ते रोज जातात.

ओपीडीत आकांक्षा नावाची तरुण डॉक्टर होती. तिने अक्षरांचा तक्ता वाचून घेतला, डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करून आतून पाहिलं, आणि सांगितलं की मोतीबिंदू नाही. पडदा चांगला आहे. चष्म्याने शेवटची ओळसुद्धा वाचता येते. मग हे दिसत नाही म्हणजे नेमकं काय दिसत नाही? मोतीलालभाऊंना सांगता येईना. स्क्रीन, रेघ, नदी, सगळं एकात एक झालं. तेव्हा मी नदीचा प्रकार सांगितला. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, कपाट उघडलं आणि एक जुनं पुस्तक काढलं. थेंब ओसरेपर्यंत दोन तास बसवून ठेवलं आणि मग ते त्यांच्यासमोर उघडलं.

पानापानावर रंगीत ठिपक्यांचे गोळे होते. पहिल्या पानावर ठिपक्यांतून आकडा दिसत होता, बारा. मोतीलालभाऊंनी तो लगेच वाचला. दुसऱ्या पानावर ते थांबले.

"काही नाई," ते म्हणाले. "ठिपके हायत."

मंदाबाई त्यांच्या मागे उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आठ आहे ना हो." डॉक्टरने बोट ओठांवर ठेवलं. तिसरं पान. ठिपके. चौथं. ठिपके. प्रत्येक पानावर मंदाबाईचे ओठ आकड्यासारखे हलत होते. त्यांच्या खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली होती. दहाबारा पानांनंतर मोतीलालभाऊ एकदम पुढे वाकले.

"हे दिसते. पंचेचाळीस."

मी पाहिलं. मला काहीच दिसलं नाही. नुसते ठिपके. मंदाबाईनेही मान हलवली.

"तुमाले नाई दिसत?" त्यांनी आम्हा दोघींना विचारलं. "हे काय, पंचेचाळीस. चांगलं मोठं हाय."

डॉक्टर म्हणाली की हे पान असंच असतं. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळतो, त्यांना त्यातला आकडा दिसत नाही. ज्यांना कळत नाही, त्यांना दिसतो. मग तिने समजावून सांगितलं. हा जन्मापासूनचा दोष आहे, डोळ्यांचा आजार नाही, वाढत नाही, औषध नाही. लाल रंग त्यांना काळपट दिसतो, जांभळ्यातला लाल दिसतच नाही म्हणून तो निळा वाटतो. आईकडून मुलाला येतो. मामाला होता का? मोतीलालभाऊंना मामा फारसा आठवत नव्हता. सिग्नलला काय करता, असं डॉक्टरने विचारलं, तर म्हणाले की वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की जायचं. सगळे असंच करतात ना? लायसनचा विषय डॉक्टरने काढला, सिग्नलचे दिवे ओळखता येतात का याची नीट तपासणी करून घ्या म्हणाली, आणि पुन्हा महिन्याने बोलावलं.

मोतीलालभाऊंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मंग छप्पन वर्स मी काय पाह्यलं?"

डॉक्टरने पुस्तक मिटून कपाटात ठेवलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस माणूस जागेवर नव्हता. प्रत्येक गोष्ट ते विचारून पाहायचे. हा टोमॅटो पिकला आहे का? हा गेट कोणत्या रंगाचा? आपण रंगवला तेव्हा मी कोणता म्हणालो होतो? फाल्गुनात केळझरच्या टेकड्यांवर पळस फुलतो तेव्हा लोक आग लागल्यासारखा म्हणतात, ते खरंच तसं असतं का? त्यांना वाटायचं, बोलायची पद्धत आहे, लोक जरा वाढवून सांगतात. मी म्हटलं, खरंच असतं. ते माझ्याकडे पाहत राहिले. विश्वास ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

आणि मग एका दुपारी, माझ्या ओसरीवर, त्यांनी ती गोष्ट सांगितली जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. थोरला मुलगा म्हणून मोतीलालभाऊ मॅट्रिकनंतर साड्यांच्या काउंटरवर बसले. कोणती साडी कोणत्या कप्प्यात, हे त्यांनी पाठ केलं होतं, आणि दोन वर्षं निभावून नेलं. १९७१ च्या दिवाळीआधी वडिलांनी कप्पे बदलले. त्याच आठवड्यात एका गावाहून लग्नाची खरेदी आली. नवरीची हिरवी साडी यांनी बांधून दिली. मांडवात गठ्ठा उघडला तर साडी विटकरी. दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप दहा माणसं घेऊन दुकानात आला. वडिलांनी हात जोडले, दोन साड्या वरून दिल्या. मोतीलालभाऊ शपथेवर सांगत राहिले की साडी हिरवीच होती. महिन्याभरात वडिलांनी बाजारातलं एक बसलेलं लोखंडाचं दुकान घेतलं आणि यांना तिथे बसवलं. साड्यांचा काउंटर धाकट्या भावाला, योगेंद्रला मिळाला. त्याचं आज दोन मजल्यांचं दुकान आहे.

लोखंडाच्या दुकानाची किल्ली देताना वडील एवढंच म्हणाले होते, "लोखंडात तुही चूक होनार नाई."

"मी समजलो, बापानं मले मठ्ठ ठरवलं," मोतीलालभाऊ म्हणाले. "सदतीस वर्सं तेच समजलो. योगेंद्रच्या दुकानाची पायरी चढलो नाई कधी. आता वाटते, त्याले समजलं तं नसन? समजलं असन तं मले काऊन नाई सांगतलं? अन् नसन समजलं तं लोखंडच काऊन देल्लं?"

वडील एकोणनव्वद साली वारले होते. विचारायला उरली होती ती फक्त त्यांची आत्या, देवकाबाई, पुलगावला राहणारी. वय पंच्याऐंशीच्या पुढे. एका शनिवारी आम्ही तिघे तिच्याकडे गेलो. तिला आधी स्क्रीन, डॉक्टर, ठिपके हे सगळं ऐकवावं लागलं. तिने ते मन लावून ऐकलं आणि मग मोतीलालभाऊंच्या मामाबद्दल सांगू लागली. तो मिरच्या तोडायला गेला की हिरव्या-लाल सगळ्या एकत्र तोडून आणायचा आणि मार खायचा. मंदाबाई मला हळूच म्हणाली, बघा, हेच. पण तुमच्या भावाला मोतीलालभाऊंबद्दल ठाऊक होतं का, असं मी आत्याला विचारलं.

"आता काय सांगू बाप्पा. तुहा बाप घरात बोलेच कमी. पन मले साडी पाठवाची राह्यली का निरोप धाडे, मोत्याच्या हातून नको बोलावू, योगेंद्र आनन." मग ती म्हणाली, "का असं माह्या नवऱ्याचा भाऊ म्हने? मले आता येकात येक होते."

परत येताना मोतीलालभाऊ एवढंच म्हणाले की आत्याला त्रास द्यायला नको होता. पण मला वाटतं, ते पूर्ण रस्ताभर त्या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी होते. वडिलांना ठाऊक होतं, या बाजूला जरा जास्त झुकत, आणि मग पुन्हा मागे येत.

मंदाबाईचंही काही चाललं होतं आत. लग्न झाल्यावर पहिल्या पोळ्याला त्यांनी तिला स्वतः निवडून साडी आणली होती आणि तुझ्या आवडीची हिरवी म्हणून दिली होती. ती मातकट होती. तिने तेव्हा मानलं की नवरा चेष्टा करतो किंवा त्याला आपल्यासाठी नीट पाहायचीच इच्छा नाही. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, साडी वापरून फाडून टाकली. आता त्याचा राग कोणावर धरायचा हे तिला कळत नव्हतं. त्या संध्याकाळी माझ्याकडे चहा पिता पिता तिने त्यांना सरळ विचारलं, "मंग माहं कुंकू तुमाले दिसते का नाई?"

त्यांनी कप खाली ठेवला. या वेळी लगेच हो म्हणाले नाहीत. तिच्या कपाळाकडे नीट पाहिलं.

"दिसते. काळं दिसते. पन दिसते."

मंदाबाईने पदराने डोळे टिपले की चहाची वाफ लागली, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने तिने त्यांना आणखी एक विचारलं, आणखी एक. ओसरीतल्या खुर्च्यांचे रंग, माझ्या पातळाचा, समोरच्या दारातल्या जास्वंदीचा. ती विचारत होती आणि ते जसं दिसतं तसं सांगत होते. चुकलं तर दोघंही हसत होती. मी दिवा लावायला उठले.

स्क्रीनचा प्रश्न अजून तसाच होता. मोतीलालभाऊ स्वतः अंकुशकडे गेले आणि काय झालं ते सांगितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तरी सांगितलं. अंकुशला आधी पटेना. त्याने खिशातून एक लाल आणि एक हिरवी वायर काढली आणि यातली लाल कोणती म्हणून विचारलं. ते म्हणाले, "ठाऊक नाई." मला हे अंकुशनेच सांगितलं, आणि तो म्हणाला की काकांच्या तोंडून हे दोन शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकले.

मग अंकुशने मोठी, टेपच्या जागी बसणारी स्क्रीन काढली आणि तिच्या आतल्या यादीत शिरला. रंग बदलता येतात हे त्याला ठाऊक होतं, पण आजपर्यंत कोणी मागितलं नव्हतं. दोघं गाडीत दीड तास बसले. अंकुश एकेक रंग लावायचा आणि विचारायचा, आता? आणि मोतीलालभाऊ नाही म्हणायचे. नाही. नाही. थोडं. नाही. शेवटी गडद निळ्या नकाशावर पिवळी जाड रेघ ठरली. इतर कोणाला ते चित्र बरं वाटलं नसतं. अंकुशच्या दुकानातल्या पोराने पाहून तोंड वाकडं केलं. पण मोतीलालभाऊंनी बोट लावून ती रेघ वर्ध्यापासून नागपूरपर्यंत काचेवर सरकवत नेली, एकदा जाताना आणि एकदा येताना.

वास्तुपूजेला आम्ही तिघे गेलो. मंदाबाई पुढे, मी मागे, मांडीवर रक्षासाठी घेतलेला समईचा जोड. बुटीबोरी आली, विमानतळाचं कुंपण आलं, मोतीलालभाऊ पिवळ्या रेघेबरोबर बरोबर वळले, एका पुलावर चढले, खाली उतरले, आणि आतल्या बाईने इंग्रजीत सांगितलं की तुमचं ठिकाण आलं. समोर एक रिकामा प्लॉट होता. गवत, विटांचा ढीग, एक बांधलेली म्हैस आणि तिच्याजवळ बसलेला तिचा मालक.

आम्ही तिघांनीही स्क्रीनकडे पाहिलं. रेघ तिथेच संपत होती, त्यात कोणाचं दुमत नव्हतं. आजूबाजूला सारखीच दिसणारी, नवी, अर्धवट रंगवलेली घरं. मंदाबाईने मोबाइलवर रक्षाला फोन लावला. रक्षा म्हणाली की तो प्लॉट मागच्या गल्लीतला, मशीनमध्ये आमची गल्ली अजून आलीच नाही, थांबा, मी गॅलरीत येऊन हात करते. मंदाबाईने खिडकीतून मान बाहेर काढली आणि पलीकडच्या गल्लीकडे बोट दाखवलं.

"ते पाहा, गुलाबी ओढनी हलवून राह्यली."

"रंग नको सांगू," मोतीलालभाऊ म्हणाले. "कितव्या मजल्यावर हाय ते सांग."

मंदाबाईने मोजलं. दुसरा मजला, कोपऱ्यावरचं घर, पाण्याच्या टाकीच्या खाली. त्यांनी मान हलवली, गाडी मागे घेतली, आणि म्हशीच्या मालकाला रस्ता विचारायला काच खाली केली.